नॉटलेस सुचर अँकर: छिद्र पाडण्यापासून दोरा कापेपर्यंत

आर्थ्रोस्कोपीत (सांध्यात कॅमेरा घालून केलेल्या शस्त्रक्रियेत) लॅब्रम (खांद्याच्या खोबणीभोवतीची ऊतीची कड) किंवा रोटेटर कफ (खांदा फिरवणाऱ्या स्नायूंची टेंडनं) अँकरने, म्हणजे हाडात बसवलेल्या, दोरा धरणाऱ्या खिळ्याने, हाडाला शिवताना सगळ्यात जास्त वेळ खाते ती गाठ. सरकती गाठ कॅन्युलातून (सांध्यात घातलेल्या नळीतून) खाली न्यायची, वर किमान तीन हाफ हिच (साधे फास) उलटसुलट टाकायचे, दर वेळी पोस्ट (ज्या टोकाभोवती फास पडतो ते) बदलायचा. एवढं करूनही एखादी गाठ सैल बसते. घट्ट बसली, तर तिचा गठ्ठा कूर्चेवर किंवा अक्रोमियनखाली (खांद्यावरच्या हाडाच्या छपराखाली) घासत राहतो. यातून सुटका म्हणून नॉटलेस अँकर आले. रेमंड थाल यांनी या रचनेवरचं काम 2001 मध्ये प्रसिद्ध केलं आणि आज खांद्याच्या शस्त्रक्रियेत हे अँकर रोजचे झाले आहेत.

पण गाठ गेली म्हणून तिचं काम संपत नाही. ऊती हाडावर किती दाबायची आणि तो दाब टिकवायचा कसा, हे आता छिद्राची खोली, छिद्राची दिशा आणि आयलेटमधल्या (अँकरच्या टोकाच्या भोकातल्या) दोऱ्याची ढील ठरवतात. गाठ मारणारा सर्जन शेवटच्या क्षणी ताण कमी-जास्त करू शकतो. बहुतेक नॉटलेस अँकरमध्ये तो निर्णय अँकर ठोकण्याआधीच घ्यावा लागतो, आणि पुढची बहुतेक खबरदारी याच एका कारणासाठी आहे. हा लेख आर्थ्रोस्कोपी शिकणाऱ्या ऑर्थोपेडिक सर्जनसाठी आणि त्यांच्यासोबत ट्रॉली सांभाळणाऱ्यांसाठी आहे. मुख्य उदाहरणं खांद्याची घेतली आहेत. घोट्याचे लिगामेंट किंवा अकिलीस टेंडन यांतही तत्त्व तेच, छिद्रांच्या जागा तेवढ्या वेगळ्या.

दोरा नेमका कशात अडकतो?

अँकर निवडताना आकाराआधी हा प्रश्न विचारावा. दाबून बसवायच्या अँकरला पुढे आयलेट असतं. दोरा आयलेटमधून जातो आणि मागून येणारा अँकरचा देह त्याला छिद्राच्या भिंतीशी चेपतो. आर्थ्रेक्सचा पुशलॉक या जातीचा. स्क्रूने बसणाऱ्या अँकरमध्ये, उदाहरणार्थ स्विव्हलॉकमध्ये, हेच काम आटे करतात. दोन्हींत दोरा अँकर आणि हाड यांच्यामध्ये अडकलेला असतो, त्यामुळे हाड पोकळ असेल तर अँकर जागेवर राहूनही दोरा सरकू शकतो. तिसऱ्या जातीत दोरा अँकरच्या आतल्या यंत्रणेतच लॉक होतो. तिथे अँकर हाडात टिकला की दोऱ्याची पकड हाडावर अवलंबून राहत नाही. चौथी जात पूर्ण दोऱ्याच्या अँकरची. त्यात विणलेल्या दोऱ्याच्या पोटातून दुसरा दोरा ओढून घेतला जातो, आणि जितकं ओढाल तितकं वीण त्याला आवळत जाते. यातला ताण बसवल्यानंतरही वाढवता येतो. मात्र एकदा आवळलेला दोरा सैल होत नाही.

आकारांचा ढोबळ अंदाज असा: लॅब्रमसाठी 2.4 ते 3.5 मिमी, त्यातही 2.9 मिमी सर्वाधिक चालणारा. कफच्या बाहेरच्या रांगेसाठी 4.75 किंवा 5.5 मिमी. पूर्ण दोऱ्याचे अँकर 1.8 मिमीच्या आसपास. दोरा अतिउच्च रेण्वीय वजनाच्या पॉलिइथिलीनचा, म्हणजे नंबर 2 चा गोल किंवा चपटी टेप. टेपचा दाब रुंद पट्ट्यावर पसरतो आणि टेंडन कमी कापला जातो. कफमध्ये म्हणूनच टेप बरी पडते.

पदार्थाबाबत थोडक्यात: टायटॅनियम मजबूत असतं आणि एक्स-रेमध्ये दिसतं, पण एमआरआयचं चित्र बिघडवतं आणि सांध्यात वर राहिलं तर कूर्चा खरवडून काढतं. पीक हे प्लास्टिक एक्स-रेत दिसत नाही आणि विरघळतही नाही. नुसत्या पीएलएलएच्या (विरघळणाऱ्या प्लास्टिकच्या) जुन्या अँकरभोवती हाड झिजल्याच्या आणि सिस्ट झाल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे आता त्यात बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट मिसळलेले बायोकंपोझिट अँकर जास्त दिसतात.

ट्रॉलीवर काय हवं

ड्रिल, ड्रिल गाइड आणि अँकर एकाच मापाचे आणि एकाच प्रणालीचे आहेत, हे पाकीट फोडण्याआधी दोघांनी मोठ्याने वाचून पाहायचं. 2.9 मिमी अँकरचा ड्रिल बिट बरोबर 2.9 मिमीचाच असेल असं नाही, आणि दुसऱ्या संचातला जवळपास बसणारा ड्रिल वापरला की पकड तिथेच गेली. त्याशिवाय पंच (ठोकून छिद्र पाडायला), टॅप (छिद्रात आटे पाडायला), हातोडी, दोरा पकडायचा ग्रास्पर, दोरा ऊतीतून न्यायला सुचर पासर किंवा वाकड्या सुईचं शटल, दोन कॅन्युला, टोकाला उघडा असलेला सुचर कटर. आणि एक मोठ्या मापाचा अँकर न उघडता हाताशी, कारण पहिला छिद्रात सैल फिरू लागला की शोधाशोध करायला वेळ नसतो.

दृश्य स्वच्छ नसेल तर पुढचं काहीच नीट होत नाही. सबअक्रोमियल भागात (अक्रोमियनखालच्या जागेत) रक्त येत असेल तर पंपाचा दाब वाढवण्याआधी भूलतज्ज्ञांशी बोला. सिस्टोलिक दाब आणि सबअक्रोमियल दाब यांतला फरक 49 मिमी पाऱ्याच्या आत ठेवला तर रक्तस्राव आटोक्यात राहतो, असं मॉरिसन आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दाखवलं. पण बीच-चेअर (अर्धवट बसवलेल्या) स्थितीत रुग्णाचा रक्तदाब खाली आणणं मेंदूसाठी धोक्याचं असतं, तिथे हा आकडा पकडून बसू नये. गळणारं पोर्टल (कॅमेरा किंवा साधन आत घालायची चीर) बोटाने दाबून धरल्यानेही बरंच रक्त थांबतं, हे अनेकदा विसरलं जातं.

लॅब्रम: पुढच्या बाजूची दुरुस्ती

आधी सीटी पाहा. ग्लेनॉइडचं (खांद्याच्या खोबणीचं) हाड 20 ते 25 टक्क्यांहून जास्त गेलं असेल तर कितीही सुबक अँकर लावले तरी नुसती मऊ ऊतींची दुरुस्ती पुरत नाही. त्याहून कमी झीज असलेला, पण धडकाधडकीचे खेळ खेळणारा तरुण रुग्णही वेगळ्या विचाराला पात्र आहे.

कॅमेरा मागच्या पोर्टलमधून. पुढे दोन पोर्टल: एक वर, बायसेप्सच्या जवळ, आणि एक खाली, सबस्कॅप्युलॅरिसच्या (खांद्यापुढच्या स्नायूच्या) वरच्या कडेला लागून. खालचं पोर्टल थोडं जरी वर गेलं तर 5 वाजताच्या जागेवर (ग्लेनॉइडला घड्याळाची तबकडी मानून) ड्रिल आडवा पडतो आणि कडेवरून घसरतो. म्हणून स्पायनल सुई घालून, ती ग्लेनॉइडच्या खालच्या कडेला योग्य कोनात पोहोचते का हे पाहूनच चीर द्यायची.

लॅब्रम आणि कॅप्सूल ग्लेनॉइडच्या मानेपासून मोकळे करा. सबस्कॅप्युलॅरिसचे लाल तंतू दिसेपर्यंत आणि ग्रास्परने धरल्यावर लॅब्रम ओढ न लागता कडेवर येऊन बसेपर्यंत. इथे घाई केली तर पुढे अँकरवर ताणाचा सगळा भार येतो. मग हाडाची कड रास्प (कानस) किंवा बरने (फिरत्या पात्याने) खरवडा, रक्ताचे ठिपके दिसले की थांबा. जोडलं जाणं या रक्तावर होतं. दोरा फक्त तेवढा काळ धरून ठेवतो.

पहिला अँकर सगळ्यात खालचा: उजव्या खांद्यात साडेपाच, डाव्यात साडेसहा वाजताच्या जवळ. दोरा मात्र अँकरच्या जागेपेक्षा 5 ते 10 मिमी खालून कॅप्सूल आणि लॅब्रममधून घ्यायचा, म्हणजे बसवताना ढिली कॅप्सूल वर खेचली जाते. साधा टाका चालतो. दोऱ्याची घडी ऊतीतून काढून दोन्ही टोकं त्या घडीतून ओवली, तर ऊती फासात धरली जाते आणि लॅब्रम पातळ असेल तेव्हा तेच बरं. दोन्ही टोकं एकाच कॅन्युलातून बाहेर आणा आणि एकाच वेळी, एकाच ग्रास्परने. वेगवेगळी आणली तर त्यांच्या मध्ये ऊतीचा किंवा कॅन्युलाच्या पडद्याचा पूल अडकतो, आणि ते कळतं अँकर अर्धा आत गेल्यावर.

आता छिद्र. गाइडचं टोक कूर्चेच्या कडेवर, पृष्ठभागाकडे 1 ते 2 मिमी आत. मानेवर खाली नाही, नाहीतर लॅब्रमचा कठडा उभाच राहत नाही. ग्लेनॉइडच्या पृष्ठभागाशी साधारण 45 अंश. कोन उथळ झाला तर ड्रिल कूर्चेखालून सरकत जातो आणि अँकर बसल्यावर वरचं छप्पर उचलतो. ड्रिल फिरत असतानाच हाडावर टेकवा, थांबलेला ड्रिल टेकवून चालू केला की टोक घसरतं. स्टॉपपर्यंत जा, सरळ बाहेर काढा, आणि गाइड काढण्याआधी छिद्र कॅमेऱ्यात नीट पाहून ठेवा. पाणी आणि कडेची ऊती मिळून ते काही सेकंदांत दिसेनासं करतात.

दोऱ्याची टोकं बाहेरच आयलेटमधून ओवा. मग आयलेट कॅन्युलातून छिद्राच्या तोंडाशी. इथे हात सैल. दोरा ओढून धरला तर आयलेट तळापर्यंत जातच नाही, मध्येच थांबतं, आणि मग अँकरचा देह कडेच्या वर उरतो. आयलेट तळाला टेकलं की हातात ठोस अडथळा जाणवतो. आता एकेक टोक वेगळं ओढा, लॅब्रम कडेवर चढताना पाहा, प्रोबने दाबून बघा. अपेक्षित घट्टपणा आला की किंचित सोडा, कारण अँकरचा देह आत जाताना दोरा आणखी खाली खेचतो आणि शेवटचा ताण दिसतो त्यापेक्षा जास्त भरतो. पूर्ण ताणून ठोकलं की दोन गोष्टी होतात: दोरा लॅब्रम कापतो किंवा बाहेरची फिरवण्याची हालचाल कायमची कमी होते.

हे सगळं अजून परत फिरवता येतं. मनासारखं बसलं नसेल तर आयलेट बाहेर काढा, दोरा मोकळा करा, पुन्हा करा. हातोडीचा पहिला घाव बसल्यावर तो पर्याय संपतो. ठोकताना दांडा ड्रिलच्या नेमक्या रेषेत. इन्सर्टर वाकवून जागा सुधारायचा मोह झाला की आयलेट तुटतं. खुणेपर्यंत ठोका, इन्सर्टर त्या मॉडेलच्या पद्धतीने सोडवा, दोरा पृष्ठभागालगत कापा. मग वरच्या पोर्टलमधून कॅमेरा घालून कडेकडून पाहा. मागून सपाट वाटणारा अँकर पुढून 1 मिमी वर आलेला असू शकतो, आणि हात हलवला की प्रत्येक वेळी तो ह्युमरसची (दंडाच्या हाडाची) कूर्चा खरवडतो.

पुढचे अँकर खालून वर. दोन छिद्रांमध्ये पुरेसं हाड सोडा आणि प्रत्येकाची दिशा किंचित वेगळी ठेवा, नाहीतर आत बोगदे एकमेकांत फुटतात. संख्येबद्दल: बुआलो आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये तीन किंवा कमी अँकर असलेल्या रुग्णांत खांदा पुन्हा निखळण्याचा धोका जास्त असल्याचं दाखवलं. म्हणून चार पकडीच्या जागा हे व्यवहारातलं उद्दिष्ट.

रोटेटर कफ: दोन रांगा, एकही गाठ नाही

फाटलेलं टेंडन हात बाजूला असताना, जास्त ओढ न लागता, आपल्या जागेवर येतंय का हे आधी पाहा. येत नसेल तर मोकळं करा. अँकरच्या जोरावर टेंडन ओढून बसवलं तर ते काही आठवड्यांत फाटतं, आणि बहुतेक वेळा आतल्या रांगेशी. चो आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये वर्णन केलेला दुसऱ्या प्रकारचा बिघाड तो हाच: टोक हाडाला चिकटलेलं, फाट स्नायूकडे सरकलेली. आतल्या रांगेत गाठी मारून टेंडनचा गळा आवळला जातो, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. गाठ न मारता टेप नुसती वरून पसरवणं हा त्यावरचा एक तोडगा.

ट्युबरॉसिटी (कफ जिथे चिकटतो तो हाडाचा उंचवटा) साफ करा, पण पांढरं कॉर्टेक्स (हाडाचं टणक कवच) बरने उडवून टाकू नका. थोडंसं खरवडून रक्त आलं की पुरे. कॉर्टेक्स गेलं तर खाली राहतं ते भुसभुशीत हाड.

आतली रांग कूर्चेच्या कडेला लागून. दोन अँकर, मध्ये साधारण 1 ते 1.5 सेंमी. बर्कहार्ट यांनी 1995 मध्ये सुचवलेला 45 अंशांचा डेडमन कोन (अँकर ओढीच्या विरुद्ध तिरका घालायचा) आजही शिकवला जातो. आट्यांच्या अँकरमध्ये काटकोनही चालतो असं नंतरच्या प्रयोगांत दिसलं आहे. कोनाचा हट्ट धरण्यापेक्षा दोन्ही अँकर कॉर्टेक्सखाली पूर्ण गेलेत का हे महत्त्वाचं. टेप टेंडनमधून काढताना स्नायू आणि टेंडन जिथे मिळतात त्या रेषेच्या 2 ते 3 मिमी बाहेर राहा. त्या रेषेवर किंवा तिच्या आत गेलात तर वर सांगितलेल्या बिघाडाला आपणच आमंत्रण देतो.

प्रत्येक आतल्या अँकरचं एक टोक बाहेरच्या पुढच्या अँकरकडे आणि एक मागच्याकडे, म्हणजे टेपची फुली पडते. बाहेरची छिद्रं ट्युबरॉसिटीच्या कडेपासून 5 ते 10 मिमी खाली. अगदी कडेवर पाडलं तर कड फुटते. छिद्र पाडण्याआधी ग्रास्परने दोन्ही टोकं त्या जागेवर ओढून धरा आणि टेंडनकडे पाहा: कोपऱ्यावर कानासारखा फुगवटा उठत असेल तर जागा थोडी पुढे-मागे करा, किंवा आतल्या अँकरच्या सुट्या दोऱ्याने तो कोपरा आधी घ्या. ही तपासणी दहा सेकंदांची आहे आणि ती टाळणारे नंतर फुगवट्यावर अर्धा तास घालवतात.

स्क्रूचा अँकर बसवताना क्रम असा. पंच खुणेपर्यंत न्या आणि अँकर बसेपर्यंत रुग्णाचा हात हलवू नका, कारण खांदा किंचित फिरला तरी त्वचेची चीर आणि हाडातलं छिद्र एका रेषेत राहत नाहीत. आयलेट तळाला, टोकं एकेक करून ताणलेली, टेप कुठेही पिळलेली नाही. मग अंगठ्याची पट्टी घट्ट स्थिर धरून दांडा घड्याळाच्या दिशेने फिरवा. पट्टी हातातून सुटून दांड्यासोबत फिरली तर आयलेटही फिरतं आणि टेपचा पीळ देहाभोवती बसतो, ताण भलतीकडेच जातो. अँकर कॉर्टेक्सच्या पातळीला किंवा जरासा खाली. आयलेटला धरून ठेवणारा बारीक दोरा काढा, टोकं कापण्याआधी ओढून पाहा.

पूर्ण दोऱ्याचे अँकर

यात छिद्र छोटं, हाड कमी जातं, पण कॉर्टेक्स सगळं काही आहे. मऊ गाभा आत जाऊन फुगतो आणि कॉर्टेक्सच्या खालच्या बाजूला अडकतो. अँकर गाइडमधून तळापर्यंत ठोका, इन्सर्टर काढा, आणि दोरे अक्षाच्या रेषेत एक ठाम ओढ देऊन बसवा. ही ओढ द्यायची राहून गेली तर गाभा नंतर, रुग्णाने हात हलवल्यावर, बसायला जातो आणि तेवढे मिलिमीटर ढील तयार होते.

मग दुरुस्तीचा दोरा ऊतीतून काढा, त्याचं टोक शटलच्या (अँकरमधून आलेल्या ओढदोऱ्याच्या) फासात 3 ते 4 सेंमी घडी करून ठेवा आणि शटल ओढा. शटल अँकरच्या अक्षातच ओढायचं. कडेने, कॅन्युलाच्या काठावरून ओढलं की ते तुटतं, आणि शटल तुटलं म्हणजे तो अँकर गेला. फास छिद्राच्या तोंडाशी येतो तेव्हा थोडा अडखळतो. झटका न देता सलग ओढा. दुरुस्तीचा दोरा आणि शटल वेगळ्या रंगांचे असतात ते उगाच नाही, पण दोन-तीन अँकरचे दोरे एकाच कॅन्युलात असले की रंगही मदत करत नाहीत. बसवलेल्या अँकरचे दोरे लगेच दुसऱ्या पोर्टलमध्ये हलवा.

बिघडलं तर

स्क्रू अडथळ्याशिवाय फिरत राहतो: हाड मऊ आहे. काढा, 4.75 च्या जागी 5.5 मिमी घाला. तोही फिरला तर शेजारी दुसरा अँकर चेपून बसवा किंवा जागा बदला. वयस्कर रुग्णात आणि ट्युबरॉसिटीत सिस्ट असताना पंच सुरुवातीलाच पूर्ण खोल नेऊ नये, म्हणजे अँकर स्वतःची जागा करत आत जातो. याउलट तरुण, टणक हाडात टॅप न करता स्क्रू नेटाने फिरवला तर पीकचा देह किंवा दांड्याचं टोक तुटतं.

आयलेट आत तुटलं: तुकडा दिसत असेल तर आधी तो काढा, मग पुढे जा. सांध्यात सुटा राहिलेला तुकडा ऑपरेशन संपल्यावर सापडत नाही. तो छिद्राच्या तळाशी पक्का असेल तर तसाच राहू द्या, शेजारी नवं छिद्र पाडा.

अँकर वर राहिला: दोरा कापलेला नसेल तर इन्सर्टर पुन्हा बसवून ठोकून पाहा. ग्लेनॉइडवर वर राहिलेला अँकर तसाच सोडण्याजोगा नाही. काढा किंवा देहाचा वरचा भाग बरने उतरवा. बर वापरलात तर दोऱ्याची पकड गेली असं धरून शेजारी दुसरा अँकर लागतो.

दोरा कापल्यावर ऊती सैल वाटली: बहुतेकदा आयलेट तळाला न जाता ठोकलं गेलेलं असतं. त्या अँकरशी झुंजू नका, मध्ये एक जादा अँकर घाला.

वेळ वाचतो हे खरं. पण रुग्णाला जाणवणाऱ्या निकालात गाठीचे आणि बिनगाठीचे अँकर यांच्यात मोठा फरक सातत्याने दिसलेला नाही. गाठ उत्तम मारता येत असेल तर ती सोडून द्यायचं कारण नाही, आणि नॉटलेस छिद्र फसलं की शेवटी साध्या अँकरवर गाठच मारावी लागते. ती येत असायला हवी.

नंतर

अँकर बदलला म्हणून ऊती लवकर जुळत नाहीत. कफसाठी स्लिंग साधारण 4 ते 6 आठवडे, आपल्या जोराने हात उचलणं 6 आठवड्यांनंतर, ताकदीचे व्यायाम 12 आठवड्यांच्या पुढे. फाट मोठी असेल तर सगळं मागे ढकला. पुढच्या लॅब्रमच्या दुरुस्तीत हात बाजूला नेऊन बाहेर फिरवणं सुरुवातीला टाळायचं. धडकेचे खेळ साधारण सहा महिन्यांनी, तेही ताकद आणि हालचाल परत आली असेल तरच.

ऑपरेशनच्या नोंदीत प्रत्येक अँकरचा आकार, पदार्थ, जागा आणि लॉट क्रमांकाचं स्टिकर लावा. ग्लेनॉइडसाठी घड्याळातली वेळ लिहा. पीकचे अँकर एक्स-रेत दिसत नाहीत, आणि काही वर्षांनी तोच खांदा उघडणाऱ्या सर्जनचा ड्रिल पहिल्याच छिद्राला जुन्या अँकरवर जाऊन अडतो.